सुवाह्य डिजिटल संगीतयंत्र : मालकी आणि वापर यांचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात आलेल्या, खिशात मावणाऱ्या डिजिटल संगीतयंत्राचा, म्हणजेच एमपीथ्री प्लेअरचा, इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा किंवा एखाद्या कंपनीच्या यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्यात २००१ सालच्या आयपॉडला साहजिकच मध्यवर्ती स्थान मिळते. तथापि ग्राहकाच्या बाजूने पाहिल्यास या यंत्राने उपस्थित केलेला मूलभूत प्रश्न निराळा होता. यंत्र विकत घेणारा यंत्राचा मालक होतो, हे निर्विवाद आहे; परंतु त्यात साठविलेल्या गाण्यांचा तो मालक, की केवळ परवानगीने ऐकणारा? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने सदर यंत्राच्या वाटचालीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

सोनी कंपनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला आणि चालताबोलता एकट्याने संगीत ऐकण्याची सवय समाजात रुजली. मात्र वॉकमनमध्ये घालावयाची कॅसेट ही हाताळता येणारी वस्तू होती. ती उसनी देता येई, विकता येई, पुसून तिच्यावर दुसरे काही ध्वनिमुद्रित करता येई. भारतात १९८० च्या दशकात टी-सीरीजसारख्या कंपन्यांच्या स्वस्त कॅसेटींमुळे हा व्यवहार खेडोपाडी पोहोचला. कॅसेट कोणाची, असा प्रश्न त्या काळी ग्राहकाला पडण्याचे कारणच नव्हते.

ही स्थिती एमपीथ्री या तंत्राने बदलली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत, मानवी कानाला जाणवत नाहीत असे ध्वनीचे अंश वगळले जातात. सीडीवरील ध्वनीला दर सेकंदास सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. तेच संगीत १२८ किलोबिटमध्ये, म्हणजे साधारण अकराव्या हिश्श्यात बसू लागले. गाणे वस्तूपासून सुटले आणि फाइल झाले.

रिओ खटला

दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन १९९८ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी अमेरिकेतील डायमंड मल्टिमीडिया कंपनीने रिओ पीएमपी-३०० हे यंत्र सुमारे २०० डॉलर किमतीस आणले. त्याची साठवणक्षमता ३२ मेगाबाइट होती. १२८ किलोबिटच्या हिशोबाने त्यात जेमतेम अर्ध्या तासाचे संगीत मावत असे. हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला पाऊण तासाचा एखादा राग त्यात पूर्ण ऐकणे अशक्यच होते! परंतु एवढ्याशा यंत्राने ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेला न्यायालयात जाण्यास प्रवृत्त केले. घरगुती ध्वनिमुद्रणविषयक १९९२ च्या कायद्यानुसार अशा यंत्रावर स्वामित्वशुल्क द्यावे व प्रतीवरून प्रत काढण्यास अटकाव करणारी यंत्रणा त्यात असावी, अशी संघटनेची मागणी होती.

कनिष्ठ न्यायालयाने ऑक्टोबर १९९८ मध्ये मनाईहुकूम नाकारला. १५ जून १९९९ रोजी नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. रिओ संगणकाच्या हार्ड डिस्कवरून प्रत घेते. हार्ड डिस्कवर संगीताखेरीज इतरही माहिती असते. म्हणून ती कायद्याच्या व्याख्येतील 'डिजिटल संगीतमुद्रण' ठरत नाही आणि रिओदेखील त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद तांत्रिक खरा. पण त्यापुढे जाऊन न्यायालयाने म्हटले की, ग्राहक स्वतःजवळची गाणी केवळ सोबत नेता यावीत म्हणून दुसऱ्या ठिकाणी हलवितो आणि असा अव्यापारी, वैयक्तिक वापर कायद्याच्या हेतूशी सुसंगतच आहे. दूरदर्शनवरील कार्यक्रम मुद्रित करून सवडीने पाहण्यास १९८४ च्या सोनी खटल्यात जी मान्यता मिळाली होती, तिचेच हे पुढचे पाऊल होते. या निर्णयाअभावी आयपॉडचा मार्ग इतका निर्वेध राहिला नसता. त्यामुळे या इतिहासात १९९९ चे महत्त्व २००१ पेक्षा अधिक मानावे लागते.

विकत घेतलेले, तरीही कुलूपबंद

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने ५ गिगाबाइटचा, हजार गाणी मावणारा आयपॉड जाहीर केला आणि २८ एप्रिल २००३ रोजी ९९ सेंटला एक गाणे विकणारे आयट्यून्स दुकान सुरू केले. न्यायालयाने जे दिले होते, ते येथे कुलूपाने आखडले गेले. विकत घेतलेले गाणे आरंभी ३ संगणकांवरच वाजे. २००४ मध्ये ही मर्यादा ५ झाली, मात्र गाण्यांची एकच यादी सीडीवर उतरविण्याची मुभा त्याच वेळी १० वरून ७ वर आली. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने कुलपे काढण्याची घोषणा केली, तेव्हा आधी घेतलेली गाणी मोकळी करून घेण्यासाठी ग्राहकाला प्रत्येक गाण्यामागे आणखी ३० सेंट मोजावे लागले. एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांची अवस्था याहून बिकट झाली. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने कळविले की, ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. निषेधानंतर ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली, तरी विकलेल्या मालाची किल्ली विक्रेत्याकडेच राहते, हे सर्वांना दिसले.

ब्रिटनमध्ये तर स्वतःच्या सीडीवरील गाणी प्लेअरमध्ये उतरविणे कायद्याला मान्यच नव्हते. ती मुभा १ ऑक्टोबर २०१४ रोजी मिळाली आणि जुलै २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्दही केली.

भारतीय संदर्भ

भारतात आयपॉड मिळत होता, परंतु आयट्यून्सचे दुकान येथे डिसेंबर २०१२ पर्यंत उघडले नव्हते. म्हणजे स्वतःच्या सीडी संगणकावर उतरवून त्या यंत्रात भरणे हा भारतीय ग्राहकापुढील सरळ मार्ग होता. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मधील खाजगी वापराची सवलत साहित्यिक, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती होती. ध्वनिमुद्रणाचा त्यात उल्लेख नव्हता. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने संगणक-प्रणाली वगळता सर्वच कृतींना ती लागू केली आणि अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हा भंग नव्हे, असे स्पष्ट केले. याच दुरुस्तीने कलम ६५-अ द्वारे डिजिटल कुलपांनाही संरक्षण दिले, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. शिवाय तोवर स्वतंत्र प्लेअरची जागा मोबाइलने घेतली होती आणि मोबाइलच्या दुकानात चार पैसे देऊन मेमरी कार्डात गाणी भरून घेण्याची प्रथा रूढ झाली होती. कायद्याची सवलत आली, ती यंत्र मावळतीला लागल्यावर.

आयपॉडचे उत्पादन बंद होत असल्याचे मे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्यापूर्वी, डिसेंबर २०१८ मध्ये, रीडिजी खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने विकत घेतलेल्या संगीत-फाइलींची या सेवेमार्फत होणारी पुनर्विक्री अवैध ठरविली होती, कारण फाइल हस्तांतरित होताना तिची नवी प्रत तयार होते. मुंबईच्या चोरबाजारात जुनी तबकडी विकणाऱ्याला हा प्रश्न कधी पडला नाही. या पार्श्वभूमीवर सारेगामा कंपनीने २०१७ मध्ये आणलेले, ५,००० गाणी आधीच भरलेले कारवां हे यंत्र लक्षणीय ठरते. त्याच्या अंगभूत संग्रहातील गाणी बाहेर काढता येत नाहीत. परंतु ते यंत्र कोणाला भेट दिले वा विकले, तर गाणीही त्याच्यासोबत जातात.