परसातली फुलं

पायाखाली ओला पाचोळा आहे. १९८९ आणि १९९० च्या सांध्यावरचा हिवाळा. पॅरिसला लागून असलेल्या सँ क्लूच्या बागेत झाडांवर पान उरलेलं नाही. लांब काळा कोट घातलेली एक आयरिश मुलगी दगडी पुतळ्यांच्या बाजूने एकटीच चालत जाते. गायिका शिनेड ओ'कॉनर, वय तेवीस. डोकं तासून गुळगुळीत केलेलं. बाईचं बोडकं डोकं म्हटलं की आपल्या मनात केशवपनच येतं. हिने मात्र, केस वाढव, जरा नटूनथटून राहा असं रेकॉर्ड कंपनीच्या लोकांनी सुचवल्यावर, आपणहून वस्तरा फिरवून घेतला.

बागेतली ही दृश्यं गाण्याच्या व्हिडिओत मोजकीच राहणार आहेत. खरं काय ते काळ्या पडद्यापुढे घडतंय, तिथे चला.

काळा पडदा, गळाबंद काळा स्वेटर आणि मधे फक्त चेहरा. दिग्दर्शक जॉन मेबरीने कॅमेरा इतका जवळ लावलाय की तिची पापणी लवली तरी तुम्हाला कळते. 'नथिंग कम्पेअर्स टू यू' सुरू होतं. आवाज आधीच ध्वनिमुद्रित झालाय, आता नुसते ओठ जुळवायचेत. गाणं अमेरिकन गायक प्रिन्सचं. १९८५ मध्ये त्याच्या हाताखालच्या 'द फॅमिली' या बँडच्या रेकॉर्डवर ते आलं होतं, पण फारसं कुणाच्या कानी पडलं नव्हतं.

प्रियकर सोडून गेल्यानंतरचे दिवस आणि तास ती मोजते आहे. मधेच रुसते, मधेच भुवई ताणून जाब विचारते. तुम्ही श्वास धरून आहात. एवढ्यात परसात लावलेल्या फुलांची ओळ येते. लावणारी गेली आणि फुलं वाळली. त्या ओळीत 'ममा' असा शब्द आहे. प्रिन्सच्या बोलीत प्रेयसीलाही लाडाने तसं म्हणतात. शिनेडला मात्र तिथे आई दिसते.

तिची आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली. शिनेड तेव्हा अठरा वर्षांची होती. ही आई मारकुटी होती.

आता आणखी मागे जा. डब्लिनजवळ, ग्लेनागिअरीतल्या घराचं परस. आठ-नऊ वर्षांची पोर बाहेर काढलेली, रात्रीही बाहेरच. अंधार पडतो. घराच्या त्या बाजूला एकच खिडकी उजळलेली आहे. पोर तिच्याकडे बघून आत घे म्हणून टाहो फोडते, आणि दिवा मालवला जातो. हे सगळं तिने स्वतःच पुढे जाहीरपणे सांगितलं.

मला विचाराल तर या गाण्याला विरहगीत म्हणून भागत नाही. जिने उंबऱ्याबाहेर ठेवलं तिच्याचसाठी जीव तुटतो, या दुखण्याला कुठल्याच भाषेत धड नाव नाही.

अमेरिकेत गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहील. १९९० च्या सप्टेंबरात एमटीव्हीचा वर्षातल्या सर्वोत्तम व्हिडिओचा मान पहिल्यांदाच एका गायिकेला मिळेल. २०२१ च्या आत्मकथेत ती लिहील, हे गाणं गाताना आईची भेट होते, तेवढाच काय तो तिचा सहवास.

तुम्ही पुन्हा पडद्यापुढे आहात. एक थेंब एका गालावरून ओघळतो, मग दुसऱ्या गालावरून दुसरा. असं काही ठरलेलं नव्हतं. ती गाल पुसत नाही. ओठ तेवढे हलत राहतात.