छंदाची सनद

जिनिंगच्या कारखान्यांचा, कापसाने भरलेल्या गाड्यांचा आणि पूर्वी जामनेरकडे धावणाऱ्या छोट्या रुळांच्या ‘पी. जे.’ गाडीचा गाव म्हणून ज्या पाचोऱ्याची खानदेशात ओळख आहे, तेथील एखाद्या घरी रविवारच्या दुपारी आई किंवा वडील मुलांसमोर काल्पनिक राज्याचा नकाशा पसरून बसले, एकाला मांत्रिक व दुसऱ्याला दुर्गरक्षक नेमून वीस पैलूंचा फासा टाकू लागले, आणि रात्री त्याच मुलांना परग्रहावरील वसाहतीची कथा वाचून दाखवू लागले, तर शेजारीपाजारी त्यास रिकामपणाचा उद्योग म्हणतील. आईवडिलांच्या अशा छंदाला विद्येच्या इतिहासात मोठे मानाचे स्थान आहे, आणि त्या इतिहासातील एक अस्सल दस्तऐवज याच जळगाव जिल्ह्यात शिळेवर कोरलेला उभा आहे, हे मला येथे आवर्जून सांगावयाचे आहे.

विज्ञानकथेचा एक आद्य आचार्य एच. जी. वेल्स हा असाच छंदिष्ट बाप होता. आपल्या दोन मुलांसमवेत घरातील जमिनीवर नगरे आणि बेटे मांडण्याच्या खेळावर त्याने १९११ साली पुस्तक लिहिले. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या दुसऱ्या पुस्तकात, स्प्रिंगच्या चिमुकल्या तोफेतून लाकडी कांड्या झाडून शिशाचे शिपाई पाडण्याच्या लढाईची त्याने रीतसर नियमावलीच घालून दिली. खेळण्यातील सैन्यांच्या या परंपरेतूनच पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला सबंध पलटणीऐवजी एकच पात्र आले, आणि कथा सांगणारा व निवाडा देणारा एक सूत्रधार मध्यभागी बसला.

त्याच १९७४ साली महाराष्ट्रात, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप; आणि या नावाआड, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, जयंत विष्णु नारळीकर उभे होते. नारळीकरांच्या आत्मचरित्रात त्यांच्या बनारसच्या घरातील भिंतीवरच्या फळ्यांचा उल्लेख आहे. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. शिक्षणासाठी घरी राहावयास आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांतील एका फळ्यावर भाच्यासाठी एखादे अवघड गणित आव्हान म्हणून लिहून ठेवीत, आणि उत्तर सापडेपर्यंत ते तेथेच राही. परीक्षेशी ज्याचा काडीमात्र संबंध नाही अशा त्या गणितांनी पुढील खगोलशास्त्रज्ञ घडविण्यास जो हातभार लावला, तो मला कोणत्याही शाळेतील क्रमिक अभ्यासक्रमाहून मोलाचा वाटतो.

मराठीत विज्ञानकथाच मुळी हौशी माणसांच्या हातून आली. चित्रकलेत निपुण असलेल्या कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली दूर कोचीनहून ‘केरळ कोकिळ’ हे मासिक सुरू केले, आणि ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाची कादंबरी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढे त्याच व्हर्नला भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या घरचा पाहुणा केले.

खानदेशाला मात्र खेळ आणि कल्पना यांच्या या संगतीसाठी व्हर्नची वाट पाहावी लागली नाही. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाईपुढे गाणी म्हणून झाल्यावर झाकलेला खाऊ ओळखण्याची मुलींची चुरस, अहिराणीतील आन्हे म्हणजे कोडी सोडविताना जाणत्यांनी पोरांची घेतलेली फिरकी, आखाजीला रंगणारे पत्त्यांचे डाव, हे सर्व त्याच गोत्राचे. पण या सर्वांहून थोर उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचे आहे. ११५० सालच्या त्या ग्रंथातील एक प्रश्न पाहावा. नऊ हात उंचीच्या खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे, वर मोर बसला आहे. बिळापासून सत्तावीस हातांवरून साप घराकडे निघाला आणि मोराने तिरपी झेप घेतली. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल, तर भेट कोठे झाली? उत्तर बिळापासून बारा हातांवर. काटकोन त्रिकोणाचा सिद्धांत शिकविताना ज्याने मोराला झेप घ्यावयास लावले, त्याच्या ठायी उत्तम सूत्रधाराचीच प्रतिभा होती. हा ग्रंथ फैजीने १५८७ साली फारसीत नेला, आणि लीलावती ही भास्कराचार्यांची कन्या असून तिच्या दुःखाच्या परिहारार्थ पित्याने ग्रंथ रचला, ही आख्यायिका तेथूनच सर्वत्र पसरली. तोच फैजी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून बऱ्हाणपुरास, खानदेशच्या राजे अलीखानाच्या दरबारी आला होता.

पाचोऱ्याहून मुख्य लोहमार्गावर पुढे चाळीसगाव लागते, आणि तेथून सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटण. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ सालच्या निबंधातून विद्वानांपुढे आणलेला शिलालेख येथलाच. भास्कराचार्यांच्या जन्मग्रामाविषयी पंडितांत वाद असला, तरी त्यांच्या घराण्याविषयी हा लेख निःसंदिग्ध बोलतो. भास्कराचार्य आपल्या पित्याकडून, महेश्वराकडून शिकले. पुत्र लक्ष्मीधराला यादवराजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन पंडितांचा अग्रणी केले. आणि नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत एवढ्यासाठी पाटणला मठ उभारला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्यास दान दिले.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. खर्चाच्या तजविजीपाशी येताच तो त्या काळच्या मराठीत उतरतो, आणि हीच ओळ मला सर्वांत प्रिय आहे. पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून सरकारात जमा होणारी जकात मठाला लावून दिली आहे, आणि गावात जेवढे घाणे चालतील तेवढ्या प्रत्येकाने मठाला पळी पळी तेल घालावे, असे ठरविले आहे.