‘मालक’ की ‘माझा माणूस’? होशेय, गोमेर आणि केडगाव

सोलापुरातनं रेल्वेनं पुण्याला जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. १९२२ ला त्या वारल्या, पुस्तक बाहेर आलं १९२४ ला.

त्यातला होशेय हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला संदेष्टा. देव नवरा, इस्राएल बायको आणि बआल देवाची भक्ती म्हणजे व्यभिचार, असं त्याचं रूपक. खरी गंमत शब्दात आहे. हिब्रूत ‘बआल’ म्हणजे मालक, आणि नवरासुद्धा! आपल्याकडं बायका ‘आमचे मालक’ म्हणतात ना, सेम तसंच. होशेयचा देव सांगतो, यापुढं मला ‘बआली’ नको, ‘ईशी’ म्हण. म्हणजे माझा माणूस.

पण त्याच अध्यायात आधी हाच देव तिला उघडी करीन, तहानेनं मारीन अशी धमकी देतो. ते गाळून नुसती दया सांगणं मला पटत नाही. तिसऱ्या अध्यायात होशेय पंधरा शेकेल चांदी आणि वर सातू मोजून एका बाईला परत आणतो. नाव दिलेलं नाही, पण बहुतेक जण ती त्याची बायको गोमेरच मानतात. तिला काय वाटलं? पहिल्या नि तिसऱ्या अध्यायात तिच्या तोंडी एक शब्द नाही.

समाजानं ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी रमाबाईंनी केडगावातच ‘कृपासदन’ चालवलं होतं. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला होत्या तिथल्याच मुली-बायका.