शूर्पारकाचें कृष्णवज्र आणि रंगीत पाषाणांची जन्मभूमि

वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील रत्नपरीक्षेचा भाग वाचीत असतां कोंकणांतील वाचकास एका ठिकाणीं थांबावें लागतें. हिरा कोठें उत्पन्न होतो व त्याचा रंग कोणता, हें सांगतांना आचार्यांनीं आठ स्थानें दिलीं आहेत. वेणातटाचा हिरा शुद्ध, कोसलाचा शिरीषपुष्पासारखा, सौराष्ट्राचा व हिमालयाचा किंचित् तांबूस, मतंगाचा वालाच्या फुलासारखा, कलिंगाचा पिवळसर, पौंड्राचा श्याम. आणि काळा हिरा शूर्पारकाचा. शूर्पारक म्हणजे आपलें वसईजवळचें सोपारें. बुद्धभट्टाच्या रत्नपरीक्षेंतहि हें नांव हिऱ्याच्या आकरांत आलेलें आहे, आणि आकर म्हणजे खाण. तेव्हां प्रश्न असा उपस्थित होतो कीं, सोपाऱ्यास कधीं काळीं हिऱ्याची खाण होती काय?

याचें उत्तर देण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. सोपाऱ्यापासून पेण, रोहें, महाडपर्यंतचा बहुतेक सारा डोंगराळ मुलूख एकाच काळवथरी दगडाचा आहे. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेला रस थरावर थर निवत गेला, त्याचे हे डोंगर. हिरा असल्या दगडांत जन्मास येत नाहीं. तो पृथ्वीच्या पोटांत फार खोलवर सिद्ध होतो व निराळ्याच जातीच्या ज्वालामुखी नळ्यांतून वर फेकला जातो. आपल्या देशांत तो पन्ना येथें, कृष्णेच्या खोऱ्यांत, आणि आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर वैरागडास सांपडे. वैरागडच्या खाणीचा उल्लेख अबुल फझलच्या ऐने अकबरींत आहे. आणि यादीच्या आरंभींचें वेणातट म्हणजे वैनगंगेचा तीर, असें जे म्हणतात त्यांचा पक्ष मला सबळ वाटतो. सोपाऱ्याच्या वांट्यास मात्र खाण येत नाहीं.

कोणी म्हणेल, आचार्यांनीं दुसराच एखादा काळा खडा हिरा समजून लिहिला असेल. परंतु कोणत्याहि पदार्थानें ज्यावर ओरखडा उठत नाहीं तो उत्तम हिरा, हें लक्षण त्यांनींच दिलें आहे. कोंकणांतील दगडाच्या पोकळ्यांत सांपडणारा कोणताहि खडा या कसोटीस टिकणार नाहीं. तेव्हां वस्तु हिराच असली पाहिजे आणि ती सोपाऱ्यास बाहेरून आली असली पाहिजे. वराहमिहिर अवंतीचा. उज्जयिनीच्या जोहऱ्यापुढें खडा येई तो सार्थवाहाच्या हातून, आणि सार्थवाह नांव सांगे तें ज्या पेठेंत त्यानें तो घेतला तिचें. आचार्यांनीं खाणीच्या रकान्यांत बंदर लिहिलें, इतकाच याचा अर्थ. (काळा, तरवारीच्या पात्याच्या रंगाचा हिरा त्यांनीं चौथ्या वर्णाकडे लावून दिला आहे. मनुष्यांची प्रतवारी दगडांवरहि लादावी हें एवढ्या थोर ज्योतिर्विदास शोभलें नाहीं; पण तो विषय निराळा.)

पेठेनें खाणीचें नांव गिळावें, हा प्रकार रंगीत पाषाणांच्या इतिहासांत इतक्या वेळां घडला आहे कीं तो नियमच म्हणावा. गोवळकोंड्याचे हिरे जगप्रसिद्ध. पण गोवळकोंड्याच्या किल्ल्याखालीं हिरा कोणी खणला नाहीं. ते कृष्णाकांठच्या कोल्लूर वगैरे ठिकाणचे, आणि सतराव्या शतकांत ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या तेथें स्वतः जाऊन आला म्हणून आपणांस तें नीट ठाऊक. खंबायतचा अकीकहि तसाच. खंबायतेस दगड फुटत नाहीं. तो राजपिपळ्याकडील रतनपूरच्या खाणींतून येतो, मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या आंचेंत भाजला म्हणजे त्याचा मळकट तपकिरी रंग जाऊन तांबडा उठतो, आणि मग कारागिराच्या हातून उतरल्यावर तो 'खंबायती' होतो. ज्या गांवच्या मातींतून तो निघाला त्याचें नांव विकत घेणाऱ्यास कळतहि नाहीं.

या नियमाचें आपल्या भागापुरतें सर्वांत जुनें उदाहरण पेरिप्लस या ग्रीक पुस्तकांत आहे. हें इ. स. च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचें, ईजिप्तांतील कोणा व्यापारी नाविकानें लिहिलेलें. त्यांत असें सांगितलें आहे कीं, पैठणहून पट्टेदार सुलेमानी दगड पुष्कळ प्रमाणांत गाड्यांवर घालून, मोठमोठ्या वाटाहीन प्रदेशांतून भडोचेस नेला जातो, आणि पैठण हें भडोचेपासून वीस दिवसांच्या वाटेवर आहे. नकाशा समोर ठेवून पाहावें. पैठणहून सह्याद्रीचा घाट उतरला कीं कल्याण, सोपारें, चौल हीं बंदरें हाताशीं. मग माल वीस दिवस उत्तरेकडे कां जावा? याचें कारण त्याच पुस्तकांत पुढें सांपडतें. कल्याण हें थोरल्या सारगनाच्या काळीं रीतसर बाजारपेठ होतें. पण तें संदनाच्या हातीं गेल्यावर तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचेस पाठविलीं जात. सारगन म्हणजे सातकर्णि हें बहुतेक सर्वमान्य आहे. शक क्षहरात व सातवाहन यांच्या झगड्यांत कोंकणची बंदरें कोंडलीं गेलीं, आणि गोदातीरचा दगड भडोचेचा म्हणून रोमेस पोंचला. त्याची जन्मभूमि हरवली ती राजकारणानें.

बंदरें कोंडलीं गेलीं तरी मेलीं नाहींत. पेरिप्लसमध्यें कल्याणापुढें सेमुल्ल म्हणजे चौल व मंदगोर हीं नांवें येतात. मंदगोर म्हणजे राजपुरीच्या खाडीवरील मांदाड, असें कांहीं विद्वानांचें मत आहे. आणि मांदाडाजवळच, रोह्याच्या दक्षिणेस, कुड्याचीं लेणीं आहेत. तेथील लेखांत दान देणारे कोण आहेत? सार्थवाह, लोहवाणी, माळी, वैद्य. कान्हेरीच्या लेखांत चेमूलचा एक हेरणिक, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणारा, भेटतो. आणि सोपाऱ्याचा एक मणिकारहि भेटतो. हा मणिकार आमच्या विषयास फार महत्त्वाचा. सोपाऱ्यास खाण नसेल, पण खडा पारखणारा व घडविणारा मनुष्य होता, आणि लेण्यास दान देण्याइतका तो सुखवस्तु होता. रोह्याखालून वाहणारी कुंडलिका चौल-रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. म्हणजे घाटावरून आलेल्या मालास आमच्या खाडीनेंहि चौलच्या मणिकारापर्यंत जातां येत होतें.

आतां हा माल घेणारा कोण, तें पाहूं. कारण येथें रुचीचा एक चमत्कारिक भेद दिसतो. आमच्या रत्नशास्त्राची आवड एकरंगी. वराहमिहिरानें वज्र, इंद्रनील, मरकतापासून सस्यक, मोतीं व पोंवळ्यापर्यंत बावीस नांवें दिलीं. पण सविस्तर परीक्षा केली ती हिरा, मोतीं, माणिक व पाच या चारांचीच. रुधिराख्य, म्हणजे बहुधा आपला तांबडा अकीक, नुसता नांवापुरता. रेषा, बिंदु, काकपद हे शास्त्रानें दोषांत घातले. रत्नाचा रंग अखंड हवा. नवरत्नांचा हार बहुरंगी खरा. पण त्यांतील प्रत्येक रत्न आपल्या रंगाशीं एकनिष्ठ.

रोमन संग्राहकाची दृष्टि याच्या उलट होती. प्लिनीनें आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या, सदतिसाव्या भागांत रत्नसंग्राहकांची हकीकत दिली आहे. रोमेंत खड्यांचा संग्रह प्रथम केला तो सुल्लाचा सावत्र मुलगा स्कॉरस यानें. पुढें पाँपीनें मिथ्रिदातीसचा संग्रह लुटून आणून कॅपिटोलच्या देवळांत वाहिला. सीझरनें व्हीनस देवतेस एक सोडून सहा संग्रह अर्पण केले. पाँपीच्याच त्या विजयाबरोबर, इ. स. पू. ६१ त, मिऱ्हा नांवाच्या दगडाचीं पात्रें प्रथम रोमेस आलीं. जांभळा व पांढरा हे रंग एकमेकांत वळसे घेत मिसळलेले, त्यांच्या संधींत तिसराच रंग पेटल्यासारखा, आणि कडेला इंद्रधनुष्याची झांक, असें त्यांचें वर्णन आहे. म्हणजे आमचे दोष ते तेथें गुण! असल्या एका पेल्यास नीरोनें दहा लक्ष सेस्टर्स मोजले. पेट्रोनियस या सरदारानें मरतांना आपली तीन लक्षांची पळी नीरोच्या हातीं पडूं नये म्हणून फोडून टाकिली. मिऱ्हा म्हणजे नेमका कोणता दगड याविषयीं मतभेद आहे. पण उज्जयिनीहून भडोचेस जाणाऱ्या मालांत पेरिप्लसनें सुलेमानीबरोबर त्याचेंहि नांव घेतलें आहे.

येथपर्यंतचा दगड कठीण जातीचा. अकीक, सुलेमानी, स्फटिक हे सारे गारेचे सगोत्र. मोह्स नामक जर्मन पंडितानें १८१२ त बसविलेल्या काठिण्याच्या दहा पायऱ्यांत गार सातवी. परंतु आमच्या काळवथराच्या पोकळ्यांत गारेखेरीज आणखी एक मोठें कुटुंब नांदतें: स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट इत्यादि झिओलाइट खनिजें व त्यांचा सोबती अपोफिलाइट. रस निवतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले. पुढें ऊन पाणी झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. कोठें गुलाबी पंखे, कोठें कापसासारख्या सुया, कोठें हिरव्या पाण्याचे चौकोनी मनोरे. सौंदर्यांत हीं कोणास हार जाणार नाहींत. पण काठिण्य साडेतीनपासून साडेपांचपर्यंत. अंगठींत घातलीं तर वर्षभरांत झिजतील. आमचें रत्नशास्त्र हें अलंकाराचें व कोशाचें शास्त्र. जें अंगावर टिकत नाहीं त्याची परीक्षा तें कशाला करील? म्हणून हजारों वर्षें विहिरी खणतांना हीं खनिजें निघालीं, आणि 'गारगोट्या' म्हणून बांधावर टाकिलीं गेलीं. कपाटांत ठेवून नुसतें पाहावयाचें, ही संग्राहकवृत्ति उदयास आली तेव्हांच त्यांस दिवस पालटले.

ते पालटले कसे, तेंहि पाहण्यासारखें आहे. १८३१ त ब्रुक या इंग्रज खनिजज्ञानें आपल्याकडील एका सुईदार खनिजास पुण्याच्या नांवावरून 'पूनाहलाइट' म्हटलें. पुढें तें स्वतंत्र जातीचें नसून झिओलाइटांच्या परिचित जातींतलेंच ठरलें. नंतर बोरघाटांतील लोहमार्गाचें काम निघालें. १८५६ ते १८६३ या काळांत पंचवीस बोगदे खणले गेले, आणि त्या सुरुंगांनीं फोडलेल्या पोकळ्यांतील अपोफिलाइट व स्टिल्बाइट इंग्लंडांतील संग्रहालयांत पोंचले. बोरघाटाची चढण कर्जताकडून, म्हणजे आमच्याच जिल्ह्यांतून, सुरू होते. पण परदेशांतील जुन्या चिठ्ठ्यांवर 'पूना' हें नांव इतक्या सैलपणें लिहिलेलें असतें कीं घाटाखालचें, घाटावरचें व नाशिकाकडचें सारें त्यांत मावतें. शूर्पारकाचें कृष्णवज्र तें हेंच.

नीट नोंद झाली म्हणजे काय फरक पडतो, हें पुण्याजवळील वाघोलीच्या उदाहरणावरून दिसतें. कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिका यांच्या आद्याक्षरांवरून ज्याचें नांव कॅव्हन्साइट पडलें तें गर्द निळें खनिज १९६७ त अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत प्रथम आढळलें. १९८८ च्या सुमारास तें वाघोलीच्या खाणींत असें मुबलक व सुंदर निघालें कीं आज जगांतील कोणत्याहि संग्राहकाच्या कपाटांत तो निळा गेंद दिसला तर त्याखालीं वाघोलीचें नांव असतें. एका खेड्याची ही कीर्ति केवळ चिठ्ठीनें झाली. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयांत महाराष्ट्रांतील असले नमुने एकत्र पाहावयास मिळतात, आणि ज्या शब्दानें आम्हीं तीं खनिजें बांधावर टाकिलीं तोच शब्द दारावर मिरवतो, याचें मला समाधान वाटतें.

पेण व रोहें तालुक्यांत हें काम तांतडीचें झालें आहे. मुंबई-गोवा महामार्गाचें पनवेल ते इंदापूर हें ८४ किलोमीटरचें रुंदीकरण २०११ त निघालें. तो पेणेवरून, आणि रोहें तालुक्यांतील नागोठणें व कोलाड यांवरून जातो. अशा कामास खडी लागते, आणि काळवथर फोडूनच ती होते. बोरघाटांत निदान कोणी वांकून पाहणारा होता. खडीच्या यंत्रास डोळे नाहींत. पोकळीचा थर खाणवाल्यास नकोच असतो, कारण तो दगड कच्चा. तो बाजूस लोटला जातो, आणि त्यांतच जें असावयाचें तें असतें.

आपलें मंडळ ताम्रपट स्वीकारतांना तो कोणाच्या घरीं, कोणत्या गांवीं, किती हात खोल सांपडला हें विचारतें. दगडाविषयींहि इतकेंच विचारावयाचें आहे. गांव, खाणीचें किंवा विहिरीचें ठिकाण, खोली, पोकळींत बरोबर काय होतें, आणि सांपडल्याचें साल. मी शाळेंत असतां एका विद्यार्थ्यानें पांढऱ्या सुयांचा एक गड्डा कागदांत गुंडाळून आणून दिला होता. कागदावर त्यानें पेन्सिलीनें लिहिलें होतें: 'आमची विहीर, बारा हात, खालीं पाणी लागलें.' तो कागद मीं गड्ड्याबरोबरच ठेविला आहे.