दोन हजार सीसीची रेषा आणि इंजिनाची हवा

१६ डिसेंबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात एक आदेश दिला. २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल इंजिनाच्या मोटारी व एसयूव्ही यांची दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील नोंदणी ३१ मार्च २०१६ पर्यंत थांबवण्यात आली. ही मुदत पुढे वाढली. महिंद्राच्या स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० यांना याचा थेट फटका बसला, कारण त्यांचे एमहॉक इंजिन २१७९ सीसीचे होते. जानेवारी २०१६ मध्येच कंपनीने त्याची १९९० सीसीची आवृत्ती बाजारात आणली. एक्सयूव्ही ५०० ची शक्ती पूर्वीइतकीच, १४० अश्वशक्ती राहिली. टॉर्क मात्र ३३० वरून ३२० न्यूटन-मीटरवर आला.

वर्गात हे सांगितले की प्रश्न ठरलेला असतो: इंजिन लहान झाले, मग ताकद कुठून आली?

सीसी म्हणजे पिस्टनने व्यापलेले घनफळ. इंधन जळायला मात्र हवेचे वस्तुमान लागते. २१७९ ला १९९० ने भागले तर सुमारे १.०९५ येते. म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारी हवा साधारण साडेनऊ टक्के अधिक दाट केली, तर लहान इंजिनातही तेवढीच हवा मावते. टर्बोचार्जर हेच काम करतो. बाहेर जाणाऱ्या धुराने टर्बाइन फिरते, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर आत येणारी हवा दाबतो.

कल्पना जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. धुराबरोबर वाया जाणारी ऊर्जा त्याला परत मिळवायची होती. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंच डोंगरावर विमानाचे लिबर्टी इंजिन नेऊन टर्बोची चाचणी घेतली. तिथे अडचण होती विरळ हवेची. विक्रीच्या मोटारींत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतच.

आपल्याकडे टर्बो घरोघरी पोहोचला त्यात कररचनेचा वाटा मोठा आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतील लहान मोटारींचा अबकारी कर २४ वरून १६ टक्क्यांवर आणला. अट होती पेट्रोलसाठी १२०० आणि डिझेलसाठी १५०० सीसीची. पुढे मानेसरमध्ये फियाटच्या परवान्याने १२४८ सीसीचे टर्बो डिझेल इंजिन तयार होऊ लागले आणि २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये बसले. शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती. २०११ मध्ये तेच १२४८ सीसी एसएक्स४ मध्ये सुमारे ९० अश्वशक्ती देऊ लागले. सीसी तसूभरही वाढले नव्हते. बदललेल्या पात्यांचा, म्हणजे व्हेरिएबल जिऑमेट्री टर्बो आला होता. हवेच्या वाटेत कारखान्याने स्वतःच केलेली ही सुधारणा.

बाजारात जी सुधारणा विकली जाते ती बहुधा उघड्या शंकूच्या आकाराच्या फिल्टरची. तिचा आवाज छान येतो, हे मान्य. पण दिल्लीच्या हवेत तिचा हिशेब करून पाहा. जानेवारीच्या पहाटे तापमान ५ अंश, म्हणजे २७८ केल्विन. जूनच्या दुपारी ४५ अंश, म्हणजे ३१८ केल्विन. दाब तोच धरला तर जूनमधली हवा १२ ते १३ टक्के हलकी भरते. महिंद्राने कमी केलेल्या घनफळापेक्षा हा फरक मोठा आहे! आणि बॉनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर रेडिएटरमागची, आणखी तापलेली हवा ओढतो. मूळ पेटीची नळी पुढून, बाहेरची हवा घेते ती उगाच नव्हे.

आधुनिक टर्बोमध्ये दाबाचे लक्ष्य संगणक ठरवतो. फिल्टरचा अडथळा कमी झाला की टर्बोचे कष्ट थोडे वाचतात. तो लवकर दाब धरतो. डिझेलमध्ये इंधनाचे प्रमाण बदलले नाही, तर नुसत्या जास्त हवेने शक्ती फारशी वाढत नाही. खरा फायदा इंटरकूलरचा असतो, कारण दाबलेली हवा उन्हाळ्यात सहज शंभर अंशांच्या पुढे जाते आणि थंड केल्याशिवाय पुरेशी दाट होत नाही. शिवाय मे-जूनच्या आंधीतली धूळ: सैल जाळीच्या फिल्टरमधून गेलेले कण कॉम्प्रेसरची वेगाने फिरणारी पाती झिजवतात. तेल लावलेला कापडी फिल्टर नीट बसवला नाही, तर त्याचे तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसते आणि इंजिनाचा हिशेबच चुकतो. माझ्या मते दिल्लीत पहिली सुधारणा म्हणजे कागदी फिल्टर वेळेआधी बदलणे.

१२ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने बंदी उठवली. २००० सीसी आणि त्यावरील डिझेल गाडीवर शोरूम किमतीच्या १ टक्का पर्यावरण शुल्क लावून नोंदणी पुन्हा सुरू झाली. त्या आठ महिन्यांत १९९० सीसीचे इंजिन जवळजवळ तेवढीच हवा ओढत आणि तेवढीच शक्ती देत दिल्लीच्या रस्त्यांवर फिरत होते. शुल्काची रेषा मात्र २००० सीसीवरच आखली गेली.