अंडी साठवायची की बसवायची?

नाणेघाटाच्या पायथ्याचं वैशाखरे घेऊ. फ्रीज नव्हता, तेव्हा जास्तीच्या अंड्यांचं काय? आपण लगेच चुन्याच्या निवळीकडे वळतो. ती पद्धत खरीच आहे. चुन्यानं कवचाची छिद्रं बुजतात. न धुतलेली, न तडकलेली ताजी अंडी युरोपात अशी महिनोन्महिने ठेवत; इंग्लंडात महायुद्धांच्या काळात सोडियम सिलिकेटचं द्रावण वापरलं. पण तिथली हवा थंड! आपल्याकडे अंगणात कोंबडा मोकळा, म्हणजे बहुतेक अंडी फलित. अशा अंड्यात साधारण २७ अंशांच्या वर गर्भ वाढू लागतो, आणि मुरबाडचा मे महिना तर ठाऊकच आहे. म्हणून आमच्या मते इथला इतिहास बरणीत नाही, टोपलीत शोधायला हवा. गावठी कोंबडी १०-१५ अंडी घालते, खुडूक होते, २१ दिवस बसते. खाऊन उरलेलं अंडं असं पिल्लू होऊन टिकतं, नि पुढे स्वतःच उकिरड्यावर चरतं. घार-मुंगूस नेतील तो तोटा धरूनच हिशेब. लेगहॉर्न मात्र सहसा खुडूक होत नाही. निवडीनं तिचा तो गुणच काढून टाकला. वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. साठवणीचा प्रश्न खरा तिच्यामागून आला.