लाकूड सारताना येणारा धूर

आजचा भाग धुरावर आहे. आणि धुरातही एका नेमक्या क्षणावर. विस्तव पेटलेला आहे, छान चाललंय, आता त्यात नवीन लाकूड घालायचं आहे. त्या क्षणी जो धूर घरात शिरतो, त्याचा इतिहास आज बघू. असल्या गोष्टीला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण यावर गेली पावणेतीनशे वर्षं शास्त्रज्ञांनी डोकं खाजवलंय, आपल्या सरकारनं वीस वर्षांची योजना राबवली, आणि प्रश्न अजून मिटलेला नाही.

थोडं विज्ञान बघू, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. थंड देशांत घर गरम ठेवायला लोखंडी बंद शेगडी असते. तिला दार असतं आणि मागून धुराडं निघून छपराबाहेर जातं. धुराड्यातली हवा गरम, म्हणून हलकी. ती वर चढते आणि खालून हवा ओढून घेते. हीच धुराड्याची ओढ. दार बंद असताना ही सगळी ओढ हवेच्या छोट्या फटींवर चालते, त्यामुळे हवा जोरात आत जाते आणि धुराला बाहेर यायला वाव नसतो. दार सताड उघडलं की तीच ओढ मोठ्या तोंडावर पसरते आणि प्रत्येक ठिकाणी कमी पडते. स्ट्रॉला चीर गेली की कितीही ओढा, सरबत वर येत नाही ना? तसंच काहीसं. त्यात दार झटकन उघडलं की दारामागे आतला धूरही बाहेर खेचला जातो.

म्हणजे सगळा खेळ दोन मापांचा: तोंड केवढं आणि धुराड्याची ओढ किती.

हे सूत्र लोकांना कळायला वेळ लागला. बेंजामिन फ्रँकलिन आठवतोय ना? वीज आणि पतंगवाला. त्याने 1740च्या दशकात एक नवी शेगडी काढली आणि 1744 साली तिच्यावर पुस्तिका छापली. पेटंट मिळत होतं, ते त्यानं घेतलं नाही. शोध सगळ्यांच्या कामी यावा म्हणाला. पण शेगडीत एक गोम होती. जास्त उष्णता मिळावी म्हणून धुराला आधी खाली वळवून मग वर सोडलं होतं. धुराडं तापलेलं असेल तर ठीक. थंड असेल तर धूर खाली जायला तयार नाही, मग तो खोलीत येणार. ती शेगडी फारशी खपली नाही. आज ‘फ्रँकलिन स्टोव्ह’ म्हणून जी ओळखली जाते, तिच्यात नंतरच्या लोकांनी बरेच बदल केलेत.

फ्रँकलिनने विषय सोडला नाही. 1785 साली युरोपातून जहाजाने परत येताना त्याने धुरकट धुराड्यांवर एक लांबलचक पत्र लिहिलं आणि धूर घरात येण्याची नऊ कारणं मांडली. पहिलं कारण ऐका: घर फार घट्ट बंद असणं. बाहेरून हवा आत आलीच नाही, तर धुराडं ओढणार काय? दुसरं कारण, चुलीचं तोंड प्रमाणापेक्षा मोठं. तिसरं, धुराडं आखूड. आजच्या नव्या घरांत स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असेल तर शेगडीचा धूर उलटा येतो, तो या पहिल्या कारणामुळेच.

मग आला काउंट रमफर्ड. जन्म अमेरिकेतला, कीर्ती युरोपातली. त्याने 1796 साली लंडनच्या उघड्या शेगड्यांवर निबंध लिहिला. त्याचा उपाय साधा होता. शेगडीची खोली कमी करा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, आणि धुराड्याचा गळा चार इंचांपर्यंत आवळा. गळा अरुंद झाला की धूर वेगाने वर जातो. लंडनमध्ये त्याची एवढी हवा झाली की जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने 1800 साली रमफर्डलाच शेगडीपुढे पाठ शेकत उभं केलं.

आता आपल्याकडे येऊ. इथे मला एक फरक फार महत्त्वाचा वाटतो. शेगडीत लाकूड घातलं की दार लावून काही तास विसरता येतं. चुलीचं तसं नाही. भाकरी तव्यावर असताना जाळ कमी-जास्त करावा लागतो, म्हणून दर थोड्या वेळाने लाकूड पुढे सारायचं, मध्येच फुंकणी घालायची. लांब फाटा अर्धा आत, अर्धा बाहेर. म्हणजे चुलीचं दार कायम उघडंच. जो क्षण तिकडे दिवसातून चार-पाच वेळा येतो, तो इथे स्वयंपाक संपेपर्यंत चालतो. आणि तोंड त्या तोंडासमोरच असतं.

यावर पहिला गंभीर विचार झाला तो वर्ध्याला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या कामातून 1940च्या दशकात ‘मगन चूल’ पुढे आली. मातीचीच चूल, पण बंद. पुढे जाळ, त्यावर एक भांडं, मागे आणखी भांड्यांची जागा, शेवटी धुराडं. आपल्या चूल-वैलाचंच सुधारलेलं रूप म्हणा. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजूंनीही बिनधुराची चूल केली आणि 1953 साली तिच्यावर पुस्तिका काढली.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला किर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच उपकरण लावून धूर मोजला. तोवर प्रदूषण म्हटलं की कारखाने आणि गाड्याच डोळ्यांसमोर यायच्या. 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 2002 साली तो बंद होईपर्यंत तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या.

आकडा जबरदस्त आहे. पण चुलींचं पुढे काय झालं? अनेक घरांत तोंड लहान वाटलं म्हणून फोडून मोठं केलं, कारण मिळणारं सरपण जाड आणि लांब होतं. ते बारीक फोडायला वेळ कोणाकडे होता? मागच्या भोकावर भांडं नसलं की तिथूनही धूर. धुराडं काजळीने भरलं, साफ करायला वर चढणार कोण? ओडिशात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी धुराड्याच्या चुलींचा सुमारे 2,600 घरांत चार वर्षं अभ्यास केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर तो फायदा विरून गेला. लोकांनी चुली नीट वापरल्या नाहीत आणि दुरुस्तही केल्या नाहीत.

यावर ‘लोक अडाणी’ म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. तोंड फोडणाऱ्या बाईला तिचं सरपण माहीत होतं. चूल आखणाऱ्याने ते धरलंच नव्हतं. रमफर्डचा गळा आवळण्याचा नियम बरोबरच होता. पण त्या गळ्यात बसेल असं लाकूड रोज कोण फोडणार, हा प्रश्न चुलीच्या मापाइतकाच मोठा आहे.

2016 पासून उज्ज्वला योजनेने कोट्यवधी घरांत सिलिंडर पोचवला. तरी सिलिंडर महाग पडतो म्हणून आंघोळीचं पाणी आणि भाकरी अनेक ठिकाणी चुलीवरच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे 2020 साली जगभरात 32 लाख माणसं दगावली. म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा, गावी किंवा परदेशी भावंडांना पाठवा.

दाराची शेगडी असेल तर लाकूड घालण्याआधी धुराड्याची झडप आणि हवेची फट पूर्ण उघडा. मिनिटभर थांबा, ओढ वाढू द्या. दार आधी बोटभर उघडा, थोडं थांबा, मग सावकाश पूर्ण. भडकत्या जाळावर नाही, लालबुंद निखाऱ्यांवर लाकूड घाला. एक्झॉस्ट बंद, खिडकी किंचित उघडी. चूल असेल तर सरपण वाळलेलं आणि बारीक, राख रोज काढलेली, धुराडं वेळोवेळी झाडलेलं.

आणि हे काम घरातल्या एकाच बाईच्या माथी नको. सरपण फोडणं आणि धुराडं झाडणं तरण्या पोरांनाही जमतं. येत्या सुट्टीत गावी गेलात तर एवढं करून या. भेटू पुढच्या भागात!